शलमोन उडून गेला, मागे कोण राहिलं?

एक बाप आहे, त्याला वाचता येत नाही. बायको बाळंतपणात गेलीय, पोरगी जगलीय, आणि घरात नावं ठेवायची रीत अशी की बायबल उघडायचं आणि त्यातनं नाव काढायचं. तो पानं उलटतो आणि एका शब्दावर थांबतो, कारण त्या अक्षरांचा आकार त्याला दणकट वाटतो, जणू एखादं मोठं झाड लहान झाडांच्या रांगेवर सावली धरून उभं आहे. तो शब्द कागदावर जसाच्या तसा उतरवून काढतो आणि सुईणीला देतो. सुईण वाचते, पिलात. इंग्रजीत त्याचा उच्चार पायलटसारखाच, म्हणून त्याला वाटतं नावाडी असेल. ती सांगते, अरे बाबा, हा येशूला मारणारा पिलात, असलं नाव पोरीला ठेवू नकोस. तर तो म्हणतो, मी रात्रभर येशूकडे बायकोचा जीव मागत होतो. आणि तेच नाव ठेवतो.

हा प्रसंग टोनी मॉरिसन या आफ्रिकन-अमेरिकन लेखिकेच्या 'सॉन्ग ऑफ सॉलोमन' या १९७७ च्या कादंबरीतला. मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ तशीच बसले होते, कारण देवाशी एवढं मोठं भांडण इतक्या कमी शब्दात मी कुठे वाचलं नव्हतं. पुढे ती पिलात बारा वर्षांची झाल्यावर तो नावाचा कागद बायबलमधून काढते, एका छोट्या पितळी डबीत घालते आणि ती डबी कानात डुलासारखी घालून आयुष्यभर फिरते. म्हणजे नाव देणाऱ्याने वाईट माणसाचं दिलं, आणि तिने ते दागिन्यासारखं घातलं.

आज लिहायचंय ते याच गोष्टीबद्दल, की आफ्रिकन-अमेरिकन बायकांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांत बायबलमधली आणि आफ्रिकन पुराणांतली माणसं सारखी का येतात आणि आली की नेमकं काय करतात. अभ्यासक याला आर्किटाइप म्हणतात, मराठी समीक्षेत आदिबंध हा शब्द आहे. शब्द जड आहे पण गोष्ट आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. आपण एखाद्याबद्दल म्हणतो ना, 'कर्ण आहे रे तो', की पुढे काही सांगायची गरजच पडत नाही, त्याचं देणं, त्याचा अपमान, त्याच्या आईने त्याला नदीत सोडणं, सगळं ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे येतं. एका नावात अख्खी गोष्ट भरलेली असते, त्याला आदिबंध म्हणायचं. फक्त गंमत अशी की कर्ण म्हटल्यावर तुम्ही त्याच्या बाजूने ऐकताय की अर्जुनाच्या, यावर त्या नावाचा अर्थ बदलतो. या लेखिकांचं सगळं काम तिथेच आहे, बाजू बदलण्यात.

आता त्यांच्या हातात बायबल आलं कसं हे बघायला लागतं. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांवर हे पुस्तक लादलं गेलं आणि तेही निवडून निवडून. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे बहुतेकांनी बायबल कानाने ऐकलं, आणि ऐकवणारे त्यांना नोकरांनो मालकाच्या आज्ञेत राहा हेच पुन्हा पुन्हा ऐकवायचे. १८०७ साली लंडनमध्ये तर वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास कापलेलं बायबल छापलं होतं, त्यात जुन्या कराराचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागाचा, जवळजवळ ९० टक्के मजकूर गायब होता, मोशे आपल्या लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून सोडवून नेतो तो भागही काढलेला. म्हणजे छापणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की यात स्फोटक काय आहे. अमेरिकेत मात्र लोकांना ती गोष्ट कळलीच, त्यांनी त्यावर गाणी रचली, आणि हॅरिएट टबमन जेव्हा माणसांना रात्री-बेरात्री गुलामगिरीतून पळवून उत्तरेकडे नेऊ लागली तेव्हा लोक तिला मोझेस, म्हणजे मोशेच, म्हणायला लागले. बघा, मोशे बाई झाला, आणि तेही कुठल्या कादंबरीत नाही, खऱ्या आयुष्यात.

हॉवर्ड थर्मन म्हणून मोठे धर्मचिंतक होऊन गेले, त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता यायचं नाही म्हणून लहानपणी ते तिला बायबल वाचून दाखवायचे, पण ती त्यातली संत पौलाची पत्रं वाचू द्यायची नाही, कधीतरी करिंथकरांस पहिल्या पत्रातला तो प्रीतीचा तेरावा अध्याय तेवढा चालायचा. कारण मालकाचा गोरा पाद्री पौलाचं नाव घेऊन गुलामीच सांगायचा, आणि तिने मनाशी ठरवलं होतं की कधी सुटले तर तो भाग ऐकणार नाही. निरक्षर बाई, पण पवित्र पुस्तकातलं काय घ्यायचं काय टाकायचं ते ती ठरवतेय. या परंपरेतल्या लेखिका म्हणजे मला तरी त्या आजीच्या नाती वाटतात.

मराठी वाचकाला हे तसं परकं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना अर्पण केलंय हे आपण शाळेत ऐकलेलं असतं, पण त्या पुस्तकात ते काय करतात ते आठवा, दशावतारांच्या गोष्टी घेतात आणि उलट्या बाजूने सांगतात, वामन तिथे लुटारू होतो आणि बळीराजा आपला. दोन्हीकडे हत्यार तेच आहे, जी गोष्ट सांगून आपल्याला दाबलं तीच गोष्ट परत सांगायची.

पहिलं मोठं नाव झोरा नील हर्स्टन. ती फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या पूर्णपणे कृष्णवर्णीयांच्या गावात वाढली, बाप बाप्टिस्ट पाद्री आणि काही काळ गावचा मेयर, पुढे तिने फ्रान्झ बोआसकडे मानववंशशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि दक्षिणेत, जमैकात, हैतीत फिरून लोककथा आणि पूजाविधी गोळा केले. १९३९ मध्ये तिने 'मोझेस, मॅन ऑफ द माउंटन' लिहिली. त्यातले इस्राएली लोक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत बोलतात, आणि मोशे हा नुसता देवाचा माणूस नाही तर मोठा मांत्रिक आहे, कारण हैतीत तिने ऐकलं होतं की मोशे आणि दाम्बाला हा सर्पदेव एकच मानतात, मोशेची काठी साप होते ना, तो धागा. पण मला सगळ्यात आवडतो तो मिर्यामचा प्रसंग. बायबलमध्ये बाळ मोशेला टोपलीत घालून नदीत ठेवतात आणि त्याची बहीण लांबून पहारा देते. हर्स्टनच्या पुस्तकात ती पोरगी पहारा देता देता झोपून जाते, जाग येते तर टोपली नाही, आणि आई आता मारेल या भीतीने ती ठोकून देते की राजकन्येने बाळ नेलं. मग मोशे नक्की कोण, इस्राएली की इजिप्तचा, याचं उत्तर पुस्तकभर पक्कं मिळतच नाही. एका अख्ख्या समाजाचा तारणहार कदाचित एका घाबरलेल्या पोरीच्या थापेतून उभा राहिलाय. हे वाचून कुणाची श्रद्धा दुखावेल असं वाटू शकतं, मला उलट वाटलं की हर्स्टनला माणसं किती जवळून दिसत होती.

मोशे हा सगळ्या समाजाचा आदिबंध, पण बायकांनी बायबलमध्ये स्वतःसाठी जी शोधली ती हागार. तिची गोष्ट उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १६व्या आणि २१व्या अध्यायात आहे. हागार ही इजिप्तची, म्हणजे आफ्रिकेतली, अब्राहामाची बायको सारा हिची दासी. साराला मूल होत नाही म्हणून ती हागारला नवऱ्याकडे देते, हागारला कुणी विचारत नाही. ती गरोदर राहते, मग मालकीण तिला छळते, ती पळून रानात जाते. तिथे झऱ्याजवळ देवाचा दूत भेटतो आणि म्हणतो परत जा, तिच्या हाताखाली राहा. आणि ही दासी देवालाच नाव देते, मला पाहणारा देव. पुढे साराला स्वतःचा मुलगा होतो, मग अब्राहाम हागारला भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन पोरासकट घालवून देतो, वाळवंटात पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याएवढी लांब जाऊन बसते, कारण पोराचं मरण तिला बघवणार नसतं. शेवटी देव तिचे डोळे उघडतो, तिला विहीर दिसते.

गुलामगिरीतल्या बाईला यात नवीन काय होतं? मालकाचं मूल पोटात, मालकिणीचा राग, मग हकालपट्टी, शब्दाला शब्द जुळतं. म्हणून एडमोनिया लुईस या शिल्पकार बाईने १८७५ मध्ये हागार संगमरवरात कोरली, पॉलीन हॉपकिन्सने १९०१-०२ मध्ये एका मासिकात 'हेगर्स डॉटर' ही कादंबरी क्रमशः लिहिली, आणि १९९३ मध्ये डेलोरिस विल्यम्स या धर्मशास्त्राच्या अभ्यासक बाईने 'सिस्टर्स इन द विल्डरनेस' मध्ये थेट मुद्दा काढला की बघा, मोशेच्या गोष्टीत देव गुलामांना सोडवतो, पण हागारला सोडवत नाही, परत पाठवतो, तिला फक्त जगायला मदत करतो. सुटका वेगळी आणि तगून राहणं वेगळं. कृष्णवर्णीय बायकांचा अनुभव या दुसऱ्याचा आहे असं तिचं म्हणणं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की या कादंबऱ्या अचानक उघडायला लागतात.

मॉरिसनची हागार परत त्याच 'सॉन्ग ऑफ सॉलोमन' मध्ये आहे, पिलातची नात. नायक मिल्कमन तिच्याशी कित्येक वर्षं संबंध ठेवतो आणि कंटाळा आल्यावर आभाराचं पत्र आणि त्यात थोडे पैसे घालून तिला सोडतो. आभार आणि पैसे, भाकरी आणि पाण्याची पखाल. मॉरिसन हे कुठेही समजावून सांगत नाही, फक्त नाव हागार ठेवते आणि आपल्यावर सोडते. फरक एवढाच की या हागारला विहीर दिसत नाही. ती वेडीपिशी होते, सुंदर दिसलं तर तो परत येईल म्हणून दुकानं पालथी घालते, पावसात भिजते, तापाने मरते. तिच्या अंत्यविधीला पिलात चर्चमध्ये येते आणि दया, दया असं मोठ्याने मागते, आणि जमलेल्या लोकांना सांगते की या पोरीवर प्रेम केलेलं आहे कुणीतरी. मी हे पान अजूनही सलग वाचू शकत नाही.

आणि याच पुस्तकात ती उडण्याची गोष्ट आहे जिच्यावरून वरचं शीर्षक घेतलंय. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या एक लोककथा चालत आलीय की काही आफ्रिकन माणसांना उडता यायचं, छळ असह्य झाला की ती शेतातून उठून सरळ आफ्रिकेला उडून जायची. जॉर्जियात १९३०च्या दशकात म्हाताऱ्या माणसांकडून या गोष्टी लिहून घेतल्या गेल्या. मिल्कमन आपल्या घराण्याचं मूळ शोधत शोधत व्हर्जिनियाला जातो आणि पोरांच्या खेळातल्या एका गाण्यातून त्याला उलगडतं की आपला पणजोबा सॉलोमन असाच उडून गेला. तो आनंदाने वेडा होतो. कुणीही होईल, आपला पणजोबा गरुडासारखा उडाला म्हटल्यावर. पण तिथली एक बाई त्याला रायनाबद्दल सांगते, सॉलोमनची बायको, जी मागे एकवीस पोरांसकट राहिली आणि रडून रडून वेडी झाली, तिच्या नावाची घळ आहे तिथे आणि वारा सुटला की त्यातून रडण्याचा आवाज येतो म्हणतात. आता शीर्षक पुन्हा बघा. सॉलोमन म्हणजे आपल्या मराठी बायबलातला शलमोन, त्याचं गीत म्हणजे गीतरत्न, प्रेमाचं सगळ्यात सुंदर काव्य, आणि कादंबरीतलं सॉलोमनचं गाणं आहे ते मागे राहिलेल्या बाईचा आक्रोश, मला सोडून जाऊ नकोस.

पुरुषाचा आदिबंध म्हणजे उड्डाण. ग्रीकांचा इकॅरस घ्या की आणखी कुणी, तो वर जातो आणि आपण मान वर करून बघत राहतो. मॉरिसन मान खाली करायला लावते. तिला ते उडणं खोटं वाटत नाही हे नीट समजून घ्या, त्याचं सौंदर्य तिने मनापासून लिहिलंय, फक्त हिशोब पूर्ण मांडलाय. आणि शेवटी मरणाऱ्या पिलातकडे बघताना मिल्कमनला कळतं की ही बाई जमीन न सोडता उडू शकत होती.

उडण्याची ही कथा जिथे खऱ्या इतिहासाला टेकते ती जागा म्हणजे जॉर्जियातलं सेंट सायमन्स बेट. १८०३ साली तिथे पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या इग्बो लोकांनी जहाजावर बंड केलं आणि किनाऱ्याला उतरल्यावर त्यातले काहीजण पाण्यात चालत गेले आणि बुडाले. कागदपत्रं सांगतात बुडाले, लोक सांगतात उडाले, किंवा पाण्यावरून चालत घरी गेले. पॉल मार्शल या लेखिकेने (नाव पुरुषी वाटलं तरी बाई आहे, आईवडील बार्बेडोसचे) १९८३ च्या 'प्रेजसॉन्ग फॉर द विडो' मध्ये ही चालण्याची आवृत्ती घेतलीय. त्यात एक छोटी मुलगी पणआजीच्या वयाच्या बाईकडून ही गोष्ट ऐकते आणि विचारते, ते बुडले कसे नाहीत? म्हातारी तिच्याकडे बघत राहते आणि उलट विचारते, तुझ्या त्या रविवारच्या शाळेच्या पुस्तकात येशू पाण्यावर चालला तेव्हा तो बुडला असं लिहिलंय का? बस. एवढ्या एका प्रश्नाने ती आपल्या पूर्वजांना बायबलच्या बरोबरीला आणून बसवते.

त्या मुलीचं पाळण्यातलं नाव ऐकून आपल्याकडचा वाचक चमकेल, अवातारा. रोजच्या वापरात एव्ही, पण खरं नाव अवातारा, म्हातारीच्याच एका आजीवरून ठेवलेलं, जिने त्या इग्बोंना चालत जाताना पाहिलं होतं. आपला अवतार हा शब्द इंग्रजीतून फिरत फिरत तिथे पोचलाय आणि अर्थ अगदी बरोबर बसलाय, कारण ती म्हातारी मानते की ही पोर म्हणजे तीच परत आलेली. एव्ही मोठी होते, न्यूयॉर्कच्या उपनगरात सुखवस्तू होते, सगळं विसरते, आणि साठी उलटल्यावर क्रूझवर असताना अचानक अस्वस्थ होऊन ग्रेनाडाला उतरून जाते. तिथे तिला एक लंगडा म्हातारा भेटतो, लेबर्ट जोसेफ, तो तिला कॅरिआकू बेटावर पूर्वजांच्या नाचाला घेऊन जातो. पश्चिम आफ्रिकेत आणि हैतीत लेग्बा नावाचा देव आहे, चौकात उभा असणारा, दोन जगांमधलं दार उघडणारा, लंगडत चालणारा म्हातारा. मार्शल नाव घेऊन सांगत नाही, पण लंगडणं बघितलं की जाणकार ओळखतात. हैतीत याच लेग्बाची सांगड स्वर्गाच्या दाराच्या चाव्या सांभाळणाऱ्या संत पेत्राशी घालतात, म्हणजे बायबल आणि आफ्रिका या दोन वेगळ्या पेट्या नाहीतच, लोकांनी त्या कधीच एकत्र केल्यात, लेखिका त्या मिसळलेल्यातूनच लिहितात.

आता मॉरिसनचीच 'बिलव्हेड' ही १९८७ ची कादंबरी, जिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, आणि १९९३ मध्ये मॉरिसनला नोबेल. मुळात खरी घटना आहे. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासकट सिनसिनाटीला पळाली, पकडायला माणसं आली तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला ठार केलं, परत गुलामीत जाऊ देण्यापेक्षा. त्या काळापासून लोकांनी तिला मिडिया म्हटलं, ग्रीक नाटकातली पोटची पोरं मारणारी बाई, १८६७ मध्ये त्या नावाने चित्रही काढलं गेलं. पण हे नाव तिला बसत नाही, मिडिया नवऱ्यावरच्या सूडाने मारते, गार्नरच्या मागे सूड नव्हता, कायदा होता, १८५० चा फरारी गुलामांचा कायदा. परक्या साच्यात बाई कोंबली की असं होतं.

मॉरिसनची नायिका सेथी या गार्नरवरूनच घेतलेली, तीही पकडायला माणसं आल्यावर पोटच्या मुलीला मारते, पण तिच्यासाठी मॉरिसन वेगळे साचे घेते आणि प्रत्येकाला जरा वाकवते. पकडायला आलेले चौघं म्हणजे तिच्या शब्दात चार घोडेस्वार, बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकातले, जगाचा अंत घेऊन येणारे, आणि प्रत्यक्षात कोण, तर मालक असलेला एक शाळामास्तर, त्याचा पुतण्या, गुलाम पकडणारा आणि शेरीफ. जगाचा अंत हा असा कागदपत्रं घेऊन, कायद्याने येतो. त्याच्या आदल्या दिवशी सेथीची सासू बेबी सग्ज मेजवानी देते, दोन बादल्या ब्लॅकबेरीपासून सुरू होऊन नव्वद माणसं जेवतात, येशूच्या भाकरी आणि माशांच्या चमत्कारासारखं. बायबलमध्ये लोक तृप्त होऊन घरी जातात. इथे दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या पोटात दुखतं, की हिला एवढं देता कसं येतं, ही स्वतःला समजते कोण, आणि त्या रागात घोडेस्वार येताना दिसले तरी कुणी सावध करायला धावत नाही. चमत्काराचा मत्सर. मला वाटतं पुस्तकातलं सगळ्यात धाडसी पान हेच आहे, कारण इथे ती आपल्याच लोकांना सोडत नाही.

हीच बेबी सग्ज रानातल्या मोकळ्या जागेत प्रवचन करते, त्यात पाप नाही, पश्चात्ताप नाही, ती लोकांना सांगते आपल्या हातांवर प्रेम करा, मानेवर, काळजावर, कारण बाहेरचे या शरीराला तुच्छ मानतात. आणि शेवटी मेलेली मुलगी देह धरून परत आलेली असते आणि आईला खाऊन टाकत असते, तेव्हा गावातल्या तीस बाया एकत्र येतात आणि गातात, तिथे मॉरिसन योहानाच्या शुभवर्तमानाची पहिली ओळच उलटवते. तिथे प्रारंभी शब्द होता, इथे शब्द नव्हतेच, प्रारंभी आवाज होता. ज्यांना अक्षर शिकणं गुन्हा होता त्यांच्या सृष्टीची सुरुवात शब्दापासून कशी होईल?

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर हे संपणार नाही. ग्लोरिया नेलरच्या १९९२ च्या 'बेलीज कॅफे' मध्ये ईव्ह, एस्तेर, मरियम अशा बायबलच्या नावांच्या बाया एकेक करून आपली गोष्ट सांगतात आणि बायबलमधली बदनाम राणी ईजबेल तिथे जेसी बेल होऊन येते. ऑक्टेव्हिया बटलर विज्ञानकथा लिहायची, तिच्या 'डॉन' ची नायिका लिलिथ आहे, ज्यू लोककथेतली आदामाची पहिली बायको जी त्याच्या खाली राहायला तयार नव्हती, आणि 'पॅरेबल ऑफ द सोअर' मधली पाद्र्याची पोर लॉरेन, तिचं मधलं नाव ओया, पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांची वादळवाऱ्याची देवी. नाव वाचलं की थांबायचं, ही सवय एकदा लागली की या पुस्तकांचं निम्मं दार उघडलं.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी समीक्षा वगैरे आधी वाचू नका. मराठी बायबल घ्या, उत्पत्तीचा १६वा आणि २१वा अध्याय वाचा, पंधरा मिनिटं लागतील, आणि वाचताना साराच्या तंबूत न बसता हागारबरोबर बाहेर चाला. मग 'सॉन्ग ऑफ सॉलोमन' उघडा. पहिल्याच पानावर एक माणूस दवाखान्याच्या छतावर निळे पंख लावून उभा आहे, खाली गर्दी वर बघतेय, आणि त्या गर्दीत एक बाई गातेय, तिच्याकडे लक्ष ठेवा.